लाकूडच समजा

११ जानेवारी १९८७, पांढुर्णा

ही डायरी गेल्या सालची आहे. केशवरावांना बँकेतून मिळाली होती, तशीच पडून होती, मला दिली. तारखा बरोबर, वार चुकीचे. वार खोडत बसणार नाही, तेवढा रिकामा नाही.

नागपूरला बादल्यांच्या कारखान्यात होतो तेव्हा तिथला मिस्त्री म्हणायचा, सुखदेव, जो माल काढशील त्याचं लिहून ठेव, माणूस विसरतो. तो कारखाना बंद पडला आणि मी बायको घेऊन गावी परत आलो. आता केशवरावांच्या आरा मशीनच्या मागच्या आवारात माझं काम चालतं. समोर संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या चिरतात, मागे भुशाचा ढीग पडतो. तो भुसा वाळवतो, चाळतो. खताच्या पोत्याच्या आत जी प्लास्टिकची पन्नी असते ती शेतकऱ्यांकडून जमा करतो, धुतो, कढईत वितळवतो, तिच्यात भुसा घोटतो आणि लोखंडी साच्यात ओतून ट्रकच्या जॅकनं दाबतो. थंड झाल्यावर जे निघतं ते दिसायला लाकूड आणि वासाला बादली. पण उधई-वाळवी त्याला तोंड लावत नाही आणि पाण्यानं ते फुगत नाही. आमच्याकडे दाराची चौकट पाच वर्षांत वरून चौकट आणि आतून माती होते. माझी होणार नाही.

आज पत्र्यावर पाटी रंगवली. "सुखदेव चौकटवाले. लाकूडच समजा."

यमुना, माझी बायको, पाटीखाली उभी राहून म्हणाली, "समजा काहून? हाय म्हना, नाहीतर नाही म्हना."

म्हटलं, धंद्यात असंच लिहितात. तिनं तोंड वाकडं केलं.

१९ जानेवारी

रामाकोन्याला जाऊन आलो. मोठी बहीण चंद्रकला तिथं दिली आहे. आम्ही तिला बाई म्हणतो. माय गेली तेव्हा बाई नऊ वर्षांची आणि मी तीनचा. ती चौथीतून शाळा सोडून मला कडेवर घेऊन फिरली म्हणून मी नववीपर्यंत शिकलो. हे ती कधी बोलून दाखवत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिचं घर नव्यानं बांधून राहिले. चौकट भावाच्या हातचीच बसवायची म्हणून ती अडून बसली होती. केशवरावांचा मेटाडोर पेट्या घेऊन सौंसरला चालला होता, त्यात टाकली, पुढं भाऊजी बैलबंडी घेऊन आले. चौकट उभी केली तेव्हा वस्तीतले सगळे जमले. बाईनं मेणबत्ती लावली, वंदना झाली. मग एकेकानं येऊन चौकटीवर टिचक्या मारल्या, एकानं नखानं खरडून पाहिलं. "पन्नीची हाय म्हने!" "जाय बे, पन्नीची कधी असते का चौकट?" बाई नुसती हसून राहिली होती. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नाही.

तेवढ्यात तुळशीराम भाऊजी म्हणाले, "सुखदेव, जुन्या मयालीले उधई लागली. मयालही तुह्याच हातची चढवून देऊ का?"

हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. चौकट नुसती उभी असते. मयाल या भिंतीवरून त्या भिंतीवर आडवी जाते आणि तिच्यावर सगळं घर बसतं. फाटे, फाट्यांवर मातीचे कवेलू, कवेलूंवर वांदरं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते. बाई तर पाहतच होती.

"लाकूडच समजा, भाऊजी," मी म्हणालो.

२ फेब्रुवारी

मयाल निघाली. दहा फूट लांब. कढईचा धूर असा झाला की आरा मशीनवरची माणसं खोकत बाहेर आली आणि मला आईबहिणीवरून बोलली. यमुना म्हणते, तुमच्या अंगाचा वास पोरीच्या दुधाला लागतो.

आत लोखंडी सळई टाकावी असं मनात आलं होतं. सळई हाताशी नव्हती आणि कढई तर तापलेली होती. राहून गेलं. पण मयाल कशी सरळ आहे! दोरी लावून पाहिली, सुताचा फरक नाही.

उरलेल्या मालातून तेवढीच दुसरी काढली. मिस्त्रीचं सांगणं असायचं, एक नग आपल्याजवळ ठेवायचा, आजार आधी त्याला होतो. ती आवारात दोन ड्रमांवर आडवी ठेवली आणि वर दगड रचले.

९ फेब्रुवारी

बाईच्या घरी मयाल चढली. भाऊजींनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी जेवायला बसलो तर बाईनं ताटात तीन वेळा वाढलं आणि चौथ्यांदा हात आडवा धरला तर हातावर वाढलं.

१७ मार्च

बाईचं कार्ड आलं. तिच्या चौथीच्या अक्षरात.

"चि. सुखदेव यास चंद्रकलाचा जयभीम. घरी सर्व मजेत. एक साजाच्या लाकडाचा गोल पाठव. पाच हात लांब, मांडीएवढा जाड. झाडाचा पाहिजे, तुह्यावाला नको. काम आहे. यमुनाला आणि पोरीला आशीर्वाद."

तुह्यावाला नको! दिवसभर तेच डोक्यात फिरून राहिलं. एवढा मोठा गोल तिला कशाला लागतो? बकरी तर एकच आहे, तिला काय हत्तीचा खुंटा पाहिजे? आणि खुंटाच पाहिजे तर माझा का नको? यमुनाला कार्ड दाखवलं. ती दोनदा वाचून म्हणाली, "जाऊन पाहून या ना एकडाव."

म्हटलं, जाऊन काय पाहू, बकरी?

केशवरावांकडून साजाचा गोल घेतला आणि मेटाडोरमध्ये पाठवून दिला. चिठ्ठी टाकली नाही. मलाही राग येतो म्हटलं.

२ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, म्हणून लिहितो.

आठ दिवसांपासून ऊन कडक आहे. आज यमुना डबा घेऊन आवारात आली आणि ड्रमांकडे पाहून म्हणाली, "अवो, हे तं बैलाचं जू झालं!" पाहतो तर ड्रमांवरची मयाल मधोमध वाकलेली. दोरी लावली. चार बोटं. दगड काढून टाकले तरी वाकलेली ती वाकलेलीच. मोडली नाही, तडा गेला नाही, आवाज केला नाही. नुसती खाली बसत गेली. मोडली असती तर मला आधीच कळलं असतं.

मी यमुनाला सांगितलं, हे उन्हातलं आहे, घरात सावली असते. ती म्हणाली, "कवेलूखाली मे महिन्यात कोनती सावली असते?" मी तिच्यावर ओरडलो. डबा तसाच परत गेला.

आणि नेमका आजच चिंधू आला. जाम नदीच्या पलीकडे सावरगावात राहतो, दोन एकर संत्रा आहे, म्हातारी माय शकुबाई आणि तो. त्याची सासरवाडी रामाकोना. तिकडून माझी कीर्ती ऐकून आला होता.

"तुह्या बैनीच्या घरची चौकट पायली. एक नंबर हाय! मले मयाल पायजे. म्या तिले इचारलं, भावाची मयाल कशी काय हाय, बाई? तं म्हने, 'अजून वरतच हाय.'"

तो हसला, मीही हसलो. बाईचं बोलणं असंच. कौतुकही करील तर चिमटा काढून. पण ऐकून छाती भरून आली, खोटं कशाला लिहू. गोलाचा राग तिथंच गेला.

चिंधू बोलत होता तेव्हा मी सरकत सरकत ड्रमांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. तो विडी पेटवायला वळला तेवढ्यात वाकलेल्या मयालीवर पोतं टाकलं. हे माझ्या हातानं केलं.

९ एप्रिल

चिंधूची मयाल गेली. या वेळी हाताशी सळई होती. पण साचा सळईच्या मापाचा नव्हता, साचा बदलायला चार दिवस लागले असते आणि चिंधू रोज येऊन डोक्यावर बसत होता. भुसा थोडा जास्त घातला. तेवढ्यानं कडक होईल.

त्याच साच्यात सावरगावच्याच कलाबाईची काढली. ती एकटी बाई, चिंधूचं पाहून मागायला आली. तिनं विचारलं, "टिकंन ना, भाऊ?" मी पाटीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही हे नंतर लक्षात आलं.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. सगळे नाचून राहिले होते, माझा पाय उचलत नव्हता. आवारात गेलो, ड्रमांवरची मयाल तोडून कढईत टाकली. आता ती कुठंच नाही.

१३ मे

बुद्ध पौर्णिमेला रामाकोन्याला बोलावणं होतं. यमुना आली नाही, पोरीला ताप. सौंसरपर्यंत मोटार, तिथून छोट्या लाइनची रेल्वे. डबा तापून तवा झालेला. सबंध रस्ता मनात घोकत होतो, आज बाईला सांगायचं. बाई, मयालीखाली झोपत नका जाऊ, एवढंच सांगायचं.

बाईनं मला आत येऊच दिलं नाही. अंगणात लिंबाखाली खाट टाकली. "इथंच बस, आत लय गरम होऊन रायलं." दार ओढून घेतलं. दोघांच्या खाटा बाहेरच होत्या, चूल बाहेर, पाण्याचा माठ बाहेर. उन्हाळ्यात सगळेच बाहेर झोपतात. तरी दार ओढून घेण्यासारखं काय होतं? यमुना आली नाही म्हणून फुगली असेल. आणि खरं सांगू का, मला आत जायचंच नव्हतं. दार बंद झालं तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला.

वंदनेत पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सगळे म्हणत गेले. माझे ओठ नुसते हालले. डोळे उघडले तर बाई माझ्याकडेच पाहून राहिली होती.

जेवताना म्हणालो, "बाई, ते मयालीचं..."

"खीर थंडी होऊन रायली," ती म्हणाली. "खाय गुमान."

मी खाल्ली. तिनं थांबवलं म्हणून राहून गेलं, असं परतीच्या गाडीत स्वतःला दहा वेळा सांगितलं.

२० मे

चिंधूचं घर बसलं.

दुपारी दोनची गोष्ट. वांदरांची टोळी नदीकडून आली, कवेलूंवर कुदली आणि मधली ओळ खाली आली. शकुबाई आत भिंतीशी लवंडली होती. उजवा हात कोपराच्या वर मोडला, खांद्याला मार. चिंधू बागेत होता म्हणून वाचला.

मी गेलो तेव्हा गाव जमलं होतं. मयाल खाली पडली होती, मोडलेली नव्हती, धनुष्यासारखी वाकून भिंतीतून निसटली होती. मी पाहिली आणि मला कळलं. दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. सगळे एकच बोलून राहिले होते, वांदरांनी घर पाडलं. किती मोठी टोळी होती, केवढा लाल तोंड्या होता, कुणाच्या घरावर आधी बसला होता. चिंधू मला म्हणाला, "पाय सुखदेव, तुह्या मयालीचीही वाट लावली लेकाच्याइनं." तो माझ्या मयालीसाठी हळहळत होता.

मी मान हालवली.

२२ मे

सरकारी दवाखान्यात गेलो. शकुबाईचा हात प्लास्टरमध्ये. सत्तरीची बाई, अंगात आता उरलंय काय? मला पाहून म्हणाली, "ये सुखदेव, बस." संत्र्याच्या फोडी पुढं केल्या. मी बसलो.

ती आपल्याआपणच बोलत राहिली. "वांदर म्हंजे मारुती. मारुती काय उगाच कोनाच्या घरावर कुदते का, बापा? माह्यानं काही पाप झालं असंन. म्या लय आठवून पायलं. माघात तो भिकारी आला होता, त्याले भाकर नाही देली, घरात होती तरी. तेच असंन. नाहीतर मांगं सासूले टाकून बोलली होती, तिच्या शेवटच्या दिसात. तेही असंन." मग म्हणाली, "म्या नवस बोलली. शनवारी जामसावळीच्या मारुतीले पायी जाईन. बिनचपलेची."

चिंधू बाहेर येऊन म्हणाला, ऐकतच नाही, डॉक्टर काहीही म्हणो. या उन्हात, हात गळ्यात बांधून, अनवाणी जामसावळीपर्यंत! डांबर चपलेला चिकटून राहिलंय सध्या.

केशवरावांना सगळं सांगून टाकलं. सगळं म्हणजे पोतं टाकलेलं सोडून. ते पेट्या मोजून राहिले होते, न थांबता म्हणाले, "वांदराचं नाव झालं ना? मंग चूप बस. वांदर काही ठान्यात जात नाही."

मी मारुती मानत नाही. माझ्या बापानं सगळे देव गावच्या नदीत सोडले तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो म्हणतात. आणि आता माझं पाप मारुतीच्या नावावर, नि मारुतीचं त्या म्हातारीच्या नावावर.

२५ मे

शकुबाईला खरं सांगायला गेलो नाही. डायरीत पाहिलं, शनिवार ३१ ला आहे. अजून वेळ आहे.

संध्याकाळी यमुनाला सहज बोललो तर ती म्हणाली, "डायरी गेल्या सालची हाय ना तुमची? शनवार तीसले हाय." एक दिवस कमी झाला. मला त्याचाच राग आला, जसा काही तो तिनंच खाल्ला.

मग ती पोरीला थोपटत म्हणाली, "बाईच्या घरीही तेच हाय वरतं. त्याइचं काय?"

२७ मे

पहाटेच्या मोटारीनं रामाकोन्याला. नऊ वाजता पोचलो. बाई अंगणात शेण्या थापून राहिली होती. मी चपला न काढता सरळ दाराशी गेलो. ती "अरे, अरे" करत उठली, हात शेणानं भरलेले, तिला मला धरता आलं नाही. दार लोटलं.

घराच्या मधोमध साजाचा गोल उभा होता. मीच मेटाडोरमध्ये पाठवलेला. पाच हात. खाली दगड, वर लाकडाची गादी, आणि तिच्यावर माझी मयाल पोट टेकून बसलेली. मयालीला टेकू म्हणून थुनी लावली होती बाईनं. गोलाला माणसाच्या उंचीपर्यंत जुनं लुगडं गुंडाळलं होतं, त्याला खिळा, खिळ्याला आरसा, आरशाशी कंगवा. जसं काही घरात थुनी पहिल्यापासून होतीच.

बाई हात धुऊन आली.

"कधी लावली?"

"तुहा गोल आला त्याच दिशी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? वस्ती पाहाले आली होती. सुखदेवची मयाल, सुखदेवची मयाल. तुह्या तोंडावर कसं सांगू का वाकली म्हून?" ती खाली बसली. "तुह्यानं सांगवत नोतं, माह्यानं इचारवत नोतं. दोघंही चूप. पौर्निमेले तू काढलं होतं तोंड, म्याच खीर घातली त्याच्यात."

मी तिला शकुबाईचं सांगितलं. मोडलेला हात, वांदरं, नवस. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"चिंधू आला होता मले इचाराले," ती म्हणाली. "म्या म्हटलं, अजून वरतच हाय. खोटं नाही बोलली म्या. वरतच होती. थुनीवर." आणि तिला रडू फुटलं. "तुही इज्जत झाकाले गेली, अन् त्या म्हातारीचा हात मोडला रे, सुखदेव."

मला वाटलं मीही रडेन. रडू आलं नाही. लाज होती ती इतकी दाट होती की तिच्यातून पाणी निघत नव्हतं.

तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "अजून कोनाकडे हाय?"

"सावरगावच्या कलाबाईकडे."

"माह्या घरी थुनी म्या लावली. तिच्या घरी कोनं लावली?"

मला पाणीही न पिऊ देता तिनं परत पाठवलं.

२८ मे

कलाबाईच्या घरी सकाळीच गेलो, केशवरावांच्या आवारातून साजाचा एक गोल खांद्यावर घेऊन. केशवराव नुसते पाहून राहिले. दोरी लावली, तीन बोटं वाकली होती. थुनी बसवेपर्यंत कलाबाई दारात उभी. सगळं सांगितलं. पोतं टाकलेलंही सांगितलं.

ती म्हणाली, "म्या इचारलं होतं तुमाले, टिकंन का म्हून." बस, एवढंच. मग आत जाऊन आपलं गाठोडं थुनीपासून लांब नेऊन ठेवलं.

चिंधूकडे जायचं होतं. घर नदीच्या काठावरून दिसतं. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि पूल ओलांडून परत आलो.

२९ मे

आज गेलो. उद्या शनिवार.

शकुबाई घरी आली आहे. पडलेल्या भागावर ताडपत्री, ती गोठ्याच्या पडवीत खाटेवर बसलेली. उद्याची तयारी झाली होती. एका फडक्यात नारळ, तेलाची शिशी, रुईच्या पानांची माळ. चिंधू बैलांना पाणी दाखवून राहिला होता.

मी जमिनीवर बसलो. सगळं पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, "शकुमाय, वांदराइनं नाही पाडलं घर. म्या पाडलं."

ती हसली. "तू कुदला होता का कवेलूवर?"

मग सांगितलं. मयाल उन्हानं वाकते हे मला दोन एप्रिललाच ठाऊक होतं. चिंधू माझ्यासमोर उभा होता आणि मी मयालीवर पोतं टाकलं. वांदरं नसती आली तरी आठ-पंधरा दिवसांत ती आलीच असती खाली. बहिणीच्या घरी थुनी आहे. सांगत गेलो, थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून पळालो असतो.

चिंधूच्या हातातली बादली पडली. तो आला, माझी कॉलर धरून त्यानं मला उभं केलं आणि हात उगारला. मी डोळे मिटले.

"थांब, चिंधू," शकुबाई म्हणाली. "सोड त्याले. मले आंधी इचारू दे."

चिंधूनं सोडलं. म्हातारी खाटेवरून पुढं वाकली. डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. मला वाटलं, आता शाप देते.

"सुखदेव, खरं सांग. मारुतीनं नाही पाडलं?"

"नाही, माय."

"म्हंजे माहं... माहं काही चुकलं नोतं?"

"नाही, माय. तुमचं काहीच चुकलं नोतं."

"तो भिकारी?"

"नाही."

"सासूचं?"

"नाही, माय. माहंच चुकलं. सगळं माहं."

ती खाटेवर मागं टेकली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. नऊ दिवस ही म्हातारी मोडलेला हात घेऊन आपल्या सबंध जन्मातलं पाप हुडकत बसली होती आणि ते मी एप्रिलमध्येच पोत्याखाली झाकलं होतं.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, "आता जाय तू. मले अजून तुह्यावर राग नाही आला. आला का बलावीन."

चिंधूनं उद्याच्या नारळाच्या फडक्याची गाठ सोडली. मी पुलावर येईपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

३१ मे (डायरीत शनिवार)

शकुबाई काल जामसावळीला गेली नाही.

बाई आणि भाऊजी सकाळीच रामाकोन्याहून आले, सरळ सावरगावला गेले. बाई शकुबाईच्या हातानं जे होत नाही ते सगळं करून देऊन राहिली आहे, दळण, पाणी, वेणी. चिंधू तिच्याशी बोलत नाही, पण तिनं केलेली भाकर खातो. भाऊजी आणि मी चिंधूच्या घराला सागाची मयाल चढवत आहोत. खांदे सोलून निघाले.

७ जून

पाटी उतरवली. "लाकूडच समजा" खरडून काढायला सकाळ गेली, रंग चांगला होता. यमुनानं विचारलं, आता काय लिहिता? मी लिहिलं, "सुखदेव चौकटवाले. हे लाकूड नाही. मयालीला चालत नाही." ती वाचून म्हणाली, गिऱ्हाईक यायचं नाही. मग म्हणाली, राहू द्या.

दुपारी आरा मशीनवर माणसं फळ्या चिरून राहिली होती. शकुबाई आली. हात गळ्यात, डोक्यावर पदर, सावरगावहून पायी. पायात चपला होत्या. पाटीखाली येऊन उभी राहिली.

"सुखदेव," ती म्हणाली, "आज आला राग."

आणि तिनं सुरुवात केली. मेल्या, मुडद्या, तुह्या हाताले किडे पडो, बैनीले फशवलं, माह्या लेकाले फशवलं, म्हातारीचा हात मोडून तिच्याच संत्र्याच्या फोडी खात बसला होता दवाखान्यात, लाज नाही वाटली? आरा बंद पडला. पेट्या ठोकणारे हातोड्या धरून उभे. केशवराव कचेरीतून बाहेर आले आणि परत आत गेले. संत्र्याच्या फोडींचं मी विसरलो होतो. तिला लक्षात होतं.

मी पाटीखाली मान घालून उभा राहिलो आणि सगळं ऐकलं. ती दमली तेव्हा यमुनानं तिला पाणी आणून दिलं. पाणी पिऊन, तोंड पुसून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.